वृत्तात न बसणारी बहीण

ते पुस्तक आमच्या घरात मायक्रोवेव्हबरोबर फुकट आलं.

मस्कतमध्ये कुणी कायमचं परत जायला निघालं की घरातलं सगळं विकायला काढतं. सोफा, पडदे, मुलांच्या सायकली, अर्धा भरलेला गॅस सिलिंडर. आम्ही सगळ्यांनी आपापले संसार असे दुसऱ्याच्या सामानावर उभे केलेले. आम्ही राहायचो त्या सीब भागात शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब निघालं तेव्हा मी मायक्रोवेव्ह बघायला गेले आणि माझा थोरला भाऊ, काही काम नसताना, माझ्या मागोमाग आला. त्या घरातल्या बाईंनी मायक्रोवेव्हच्या पोटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घालून दिलं. कव्हर नव्हतं, पहिली बरीच पानं नव्हती. "असू दे, घेऊन जा, मला रद्दी टाकायला वेळ नाही," म्हणाल्या. मायक्रोवेव्हने पुढे लवकरच मान टाकली. पुस्तकाने मात्र माझा पिच्छा सोडला नाही.

पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीच्या लेखक आणि कलावंत भावंडांबद्दल होतं. ज्याला रोमँटिक काळ म्हणतात तो हा. तिकडचे कवी तेव्हा म्हणे डोंगरदऱ्यांतून मैलोन् मैल हिंडायचे, मुद्दाम वादळात जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन त्यावर कविता करायचे. घरी कोण असायचं? भावंडं. कुठे दोघे भाऊ मिळून गोष्टी गोळा करतायत, कुठे बहिणी एकाच टेबलाशी बसून लिहितायत, कुठे एक चित्र काढतोय आणि दुसरा त्याचे रंग कालवतोय. सगळ्यात मोठं प्रकरण एका कवीचं आणि त्याच्या बहिणीचं होतं. ती दोघं तळ्याकाठी एका छोट्या घरात राहायची. नेमकी नावं सांगणारी पानंच गायब असल्यामुळे दादा त्यांना "आपला कवी" आणि "त्याची बहीण" म्हणायचा, जशी काही ती आमच्या वाडीतलीच होती.

दादा मस्कतच्या गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात ॲल्युमिनियमच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. वहिनी आणि मुलं रत्नागिरीकडे गावात. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी तो कंपनीच्या पिकअपमधून आमच्याकडे उतरायचा आणि शनिवारी परत जायचा. मधल्या काळात जेवण, झोप आणि कविता. कविता तो करायचा, कागदावर मी उतरवायची. ही वाटणी आमच्या वडिलांनी आम्ही शाळेत असतानाच करून टाकली होती. डोकं ह्याचं, अक्षर हिचं, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. लग्न झालं, समुद्र ओलांडला, तरी माझं अक्षर काही माझ्या एकटीचं झालं नाही.

एका शुक्रवारी दुपारी दादाने ते प्रकरण संपवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाय, हे आपलंच आहे गो."

"काय आपलं?"

"ती त्याच्या कविता सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. त्याच्याबरोबर चालायला जायची. बघितलेलं सगळं टिपून ठेवायची. चहा करायची."

चहाचं पुस्तकात कुठे होतं ते मला आजवर सापडलेलं नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात रोमँटिक काळ सुरू झाला, आणि तो चांगला दोन वर्षं चालला.

पहिल्यांदा चालणं. आपला कवी आणि त्याची बहीण रोज मैलोन् मैल चालायची, तेव्हा आपणही चालायचं. महिना जूनचा. बाहेर पाऊल टाकलं की चपलेचा तळ मऊ पडायचा. दादाने डोकं चालवलं आणि आम्ही हायपरमार्केटमध्ये चालायला लागलो. त्यातही त्याला निसर्ग हवा होता, म्हणून फ्रोझन मालाच्या रांगेत. तिथे थंडी होती, पांढरी वाफ होती, आणि दादाच्या मते तळ्याकाठच्या हिवाळ्याचा थोडाफार भास होता. तो पाठीमागे हात बांधून मटारच्या पिशव्यांवरून नजर फिरवत पुढे, मी ट्रॉली ढकलत मागे. ट्रॉली रिकामी नेली तर सिक्युरिटीवाला संशयाने बघायचा, म्हणून मी तिच्यात एक कोबी टाकून ठेवायची. परत निघताना तो कोबी जागच्या जागी. "काय टिपलंस?" दादा विचारायचा. मी सांगायची, कोळंबी महाग झालीय. तो निराश व्हायचा.

माझा नवरा पुण्याचा, अकाउंटंट, स्वभावाने शांत. त्याला ह्या सगळ्याचा त्रास होत नव्हता हेच मला त्रासदायक वाटायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्ही तरी सांगा ना दादाला काहीतरी." तर तो म्हणाला, "अगं, फुकटात एसी आणि व्यायाम. काय वाईट आहे?"

पुढच्या जुलैत आम्ही सलालाला गेलो. ओमानच्या दक्षिणेला तेवढ्याच महिन्यांत पाऊस भुरभुरतो, डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं. खरीफ म्हणतात त्याला. आखातातले लोक गाड्या भरभरून ते बघायला जातात आणि चटया टाकून पावसात भिजत बसतात. मस्कतहून हजार किलोमीटर. वाटेत दिवसभर सपाट, पिवळं, काही म्हणजे काही नाही. गाडी नवऱ्याने चालवली. मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर पोह्यांचा डबा, पायाशी थर्मास. पुढे दादा, तोंडावर रुमाल टाकून झोपलेला, कारण प्रेरणा येण्याआधी विश्रांती घ्यावी लागते. सलालात पोचल्यावर त्याने डोळे उघडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ, केळी, पपया. "हे तर आपलंच गाव," तो म्हणाला, आणि हजार किलोमीटर येऊन रत्नागिरीच बघायला मिळाली म्हणून अर्धा दिवस फुगून बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावर गेलो. तिथे मात्र धुकं होतं, एवढं दाट की हातभरावरचं दिसेना. त्या धुक्यातून एक उंट हळूच बाहेर आला, त्याने आमच्याकडे बघून घेतलं आणि तो परत आत गेला. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी कुणाशी बोललेच नाही. रात्री हॉटेलवर त्याने कविता सांगितली, मी नेहमीसारखी उतरवून घेतली. पहिल्या दोन ओळी अशा:

एकटा मी अन् धुके हे भोवती,
एकटा हा उंट माझा सोबती.

मी पेन खाली ठेवलं.

"एकटा?" मी म्हटलं. "आणि आम्ही कोण होतो? सामान?"

"कवितेत कवी एकटाच असतो गो."

"मी तुझ्या पाठीला पाठ लावून उभी होते, दादा."

"होतीस. पण वृत्तात बसत नव्हतीस."

"उंट बसतो आणि मी बसत नाही?"

"उंट बसतो," दादा म्हणाला, अगदी मनापासून, आणि बोटांवर मोजूनही दाखवलं. नवरा मध्येच म्हणाला, "मला राहू दे बाहेर, माझी काही हरकत नाही." मी दोघांकडेही बघितलं नाही. दिवा घालवून झोपले.

हे एवढंसं वाटेल. पण मला ते लागलं, आणि चांगलंच लागलं. दादाच्या कवितेत चिंच यायची, खेकडे यायचे, गावची पोस्टाची पेटी यायची, आता उंटही आला. आयुष्यभर त्या सगळ्या कविता मी माझ्या हाताने लिहून काढल्या आणि एकीतही मी नव्हते. मला मोठेपणा नको होता. मी तिथे होते, एवढं त्याने एकदा म्हणावं, असं मला वाटत होतं. त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं ह्याच गोष्टीभोवती फिरायला लागलं. तो कढी वाढ म्हणायचा, मी म्हणायची, एकटा आहेस ना, घे वाढून.

त्याने ह्यावर तोडगा काढला तो नाटकाचा. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्या कवीवर आणि त्याच्या बहिणीवर एकांकिका करायची. कवी दादा, बहीण मी. "आता तर मुख्य भूमिका दिली," तो म्हणाला. मी संहिता वाचली. बहीण पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर होती आणि सगळा वेळ लिहीत होती. एक वाक्य नव्हतं.

"मला बोलायला काहीतरी दे."

"ती बोलत नसे गो. बघत असे."

"तुला कुणी सांगितलं?"

"ती पानं गहाळ आहेत," दादा म्हणाला.

संहिता मंडळाच्या समितीकडे गेली. आमच्या मंडळाचा एक अलिखित नियम होता, की वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला स्टेजवर आणायचं, नाहीतर पुढच्या वर्षी ते घर फिरकत नाही. दोन पात्रांच्या नाटकात मुलं कुठे घालणार? सेक्रेटरी बाईंनी विचार करून विचारलं, "तिकडे मेंढ्या असतील ना हो?" झालं. तळ्याकाठी मेंढ्यांचा कळप आला. एका मेंढीचं भरतनाट्यम् चाललं होतं, तिच्या आईच्या आग्रहाखातर मेंढ्यांचा नाच आला. तालमीला मेंढ्या आपसांत इंग्रजीत भांडायच्या आणि मराठीत फक्त बें करायच्या, तेही जरा अडखळतच.

मग कुणीतरी म्हणालं, विषय भावा-बहिणीचा, कार्यक्रम दिवाळीचा, म्हणजे भाऊबीज हवीच. दादाने दोन दिवस विरोध केला आणि मग कवितावाचनाची वेळ वाढवून मिळणार म्हटल्यावर मान्य केलं. शेवटी असं ठरलं, की तो इंग्लंडमधला कवी तळ्याकाठी धुक्यात उभा राहून दादाची सलालाची कविता म्हणणार आणि मग त्याची बहीण त्याला औक्षण करणार. समितीतल्या एका गृहस्थांनी फक्त एवढंच विचारलं, "इंग्लंडमध्ये उंट?"

"कल्पनेतला," दादा म्हणाला. ते समाधान पावले.

कवीचं घर वर्कशॉपमधल्या पोरांनी उरलेल्या ॲल्युमिनियममधून बनवलं. त्याला सरकती खिडकी होती, जाळीसकट. "त्या काळात सरकती खिडकी होती का रे?" मी विचारलं. "आमच्या मालकाने, अर्बाबने, हीच फुकट दिली," दादा म्हणाला. तळं म्हणजे चकचकीत पत्रा. दादाला जाड कोट हवा होता, तो नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने मनालीच्या ट्रिपसाठी घेतलेला, नारिंगी, फुगलेला, पाठीवर बर्फावर घसरणाऱ्या माणसाचं चित्र असलेला असा मिळाला. मला लिहायला पिसाची लेखणी हवी होती. ती जन्माष्टमीच्या मुकुटातून काढली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रज बाई मी, नऊवारी नको म्हणून गाऊन घातलेली, मोरपिसाने भावाच्या कविता उतरवत बसणार होते. हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि रागही तसाच होता.

धुकं मात्र दादाला खरं हवं होतं. मशीनचं भाडं मंडळाला परवडेना. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की सलालाचं धुकं सलालाच्याच लोबानाने करावं. ओमानात घरोघरी जाळतात तो लोबान, सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, हवा तेवढा मिळतो. आम्ही मातीच्या धूपदाण्या आणल्या आणि पडद्यामागे ओळीने मांडल्या. निखारे फुंकायला वर्कशॉपची पोरं. तालमीत एकच धूपदाणी लावली होती आणि वास इतका छान आला की बाकीच्या सगळ्या एकदम लावल्यावर काय होईल ह्याचा विचार कुणी केला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. नाटक सुरू झालं. मी लिहीत बसले. दादा पाठीमागे हात बांधून फिरला, त्याने उसासे टाकले, खिडकी सरकवली, ती अडकली, त्याने आतल्या पोराला हाक मारली, पोराने येऊन रोलर नीट बसवला, टाळ्या पडल्या. मेंढ्या नाचल्या. दादाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि नारिंगी कोट प्रत्येक हालचालीला चुरचुर वाजत होता. मी खोटंखोटं लिहिणार होते, पण हात थांबेना, म्हणून मी खरंच लिहीत सुटले. मी इथे आहे, मी इथे आहे, असं पानभर.

मग धुक्याची वेळ झाली. पडद्यामागून पांढरा लोट आला, दुसरा आला, मेंढ्या खोकायला लागल्या, पहिल्या रांगेतल्या आजी "छान, छान" म्हणाल्या, आणि छतावरून अशी काही किंकाळी सुरू झाली की मोरपीस माझ्या हातातून पडलं. हॉलचा फायर अलार्म. पहारेकरी धावत आले, सगळे दिवे लागले, आणि "यल्ला, यल्ला, बाहेर" म्हणत त्यांनी प्रेक्षक, मेंढ्या, कवी, सगळ्यांना पार्किंगमध्ये काढलं. कुणाला काही झालं नाही. पण तंत्रज्ञ येऊन अलार्म बंद करेपर्यंत कुणी आत जायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

सेक्रेटरी बाई डगमगणाऱ्यातल्या नव्हत्या. हॉलची परवानगी ठरल्या वेळेपर्यंतच होती आणि आमच्यानंतर कोळीनृत्य होतं. त्यांनी तंबोल्यासाठी आणलेला बॅटरीचा माईक दादाच्या हातात दिला, दोन गाड्यांचे हेडलाइट लावायला सांगितले आणि म्हणाल्या, "दादा, कविता, औक्षण, खलास. लवकर आटपा."

लोक अर्धगोलात उभे राहिले. मागे उघडा काळा डोंगर होता, एक गवताची काडी नसलेला. धुकं सगळं हॉलमध्ये राहिलं होतं. मी औक्षणाचं ताट घेऊन दादाच्या मागे उभी. नवरा समोर, कुणाची तरी मेंढी कडेवर घेऊन. दादाने माईक तोंडाशी धरला.

"एकटा मी अन् धुके हे भोवती," तो म्हणाला आणि थांबला.

सगळे वाट बघत होते. दादाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला पुढचं आठवत नाहीय. स्वतःची कविता, रोज म्हटलेली. उंटच गेला होता. तो वळला आणि घरी विचारतो तसं, माईकमधून, सगळ्यांदेखत त्याने मला विचारलं, "पुढे काय गो?" आणि माईक माझ्या तोंडासमोर धरला.

मला पुढचं पाठ होतं. मी उंट दिला असता तर दोन मिनिटांत सगळं सुरळीत झालं असतं. पण समोर माईक होता, आणि इतक्या दिवसांचा राग साठला होता. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं:

"मी उभी होते तुझ्या मागे तिथे."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा चिडणार, आणि चिडला तर हे ताट खाली ठेवून मी सरळ घरी जाणार. तेवढ्यात हेडलाइटच्या उजेडात मला त्याचा डावा हात दिसला. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. तो मात्रा मोजत होता. शेवटपर्यंत मोजून झाल्यावर त्याने माईक परत स्वतःच्या तोंडाशी नेला.

"बसतेय," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. दादा हसला नाही. त्याने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि लोकांकडे तोंड केलं.

"होती," तो म्हणाला. "ही होती तिकडे. हिचा नवरा पण होता, गाडी त्यानेच चालवली. मी एकटा नव्हतो." मग जरा थांबून, तक्रार केल्यासारखा म्हणाला, "माझ्या चष्म्यावर सारखं पाणी साचत होतं. ही दर खेपेला काढून घेऊन ओढणीने पुसून देत होती. नाहीतर मला उंट कुठला दिसतोय?"

लोकांना हे सगळं नाटकातलंच वाटलं आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी बाई मला औक्षणाच्या खुणा करत होत्या. निरांजन विझलं होतं. ओढणीचं मी साफ विसरून गेले होते. दादाच्या ते लक्षात होतं.